कृष्णगिरीचे आगंतुक : कान्हेरीच्या लेण्यांत आलेले परस्थ आणि परधर्मीय

१

धर्मस्थळांचा इतिहास बहुधा त्यांच्या निर्मात्यांचा, आश्रयदात्या राजांचा आणि तेथे राहणाऱ्या धर्मसंघाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तेथे येऊन गेलेल्यांचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहतो. याचे कारण उघड आहे. निर्माता शिलालेख कोरवितो, राजा ताम्रपट देतो, संघ आपली परंपरा सांभाळतो; परंतु जो सकाळी डोंगर चढून आला आणि संध्याकाळी उतरून गेला त्याची खूण राहण्याचे काही कारण नसते. त्यातही तो आगंतुक त्या धर्माचा अनुयायी नसेल, तर त्याच्या येण्याची दखल घेणारा कोणीच नसतो.

साष्टी बेटाच्या मध्यभागी, आज मुंबई महानगराने चोहोंकडून वेढलेल्या अरण्यातील कान्हेरीची लेणी या नियमाला मोठा अपवाद आहेत. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी असलेल्या या स्थळी सुमारे हजार वर्षे बौद्ध संघाची वसती होती. तेथे आलेल्या परस्थांनी व परधर्मीयांनी आपल्या खुणा दगडावर, ताम्रपटावर आणि पुढे ग्रंथांतून ठेवल्या आहेत. सिंधचा उपासक, गौड देशाचा दाता, झरथुष्ट्री मंडळी, पोर्तुगीज ख्रिस्ती इतिहासकार व युरोपीय संशोधक अशी ही मालिका आहे. दुसऱ्याच्या पवित्र स्थळी मनुष्याने कसे यावे आणि काय मागे ठेवून जावे, हा प्रश्न या मालिकेच्या आधारे विचारता येतो, आणि त्याचे बरेचसे उत्तरही त्याच डोंगरावर मिळते.

२

प्रथम स्थळाचा विचार करणे योग्य होईल. कान्हेरी हे नाव ज्या ‘कृष्णगिरी’वरून आले त्याचे प्राकृत रूप ‘कण्हगिरि’ असे होते. लेखांत ‘कण्हसेल’ असाही उल्लेख सापडतो. काळ्या कातळाच्या डोंगराला हे नाव सहज पडले असावे. सोपारा, कल्याण, चेमुल म्हणजे आजचे चौल, ही पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन बंदरे आणि घाटावर नाशिककडे जाणारे मार्ग यांच्या मधोमध हा डोंगर येतो. त्यामुळे तो एकान्तात असूनही एकाकी नव्हता. समुद्रमार्गे आलेला मनुष्य थोड्या पायपिटीने येथे पोहोचू शकत असे.

लेखांतील भाषा मराठी वाचकाला परकी वाटत नाही. भिक्षूंच्या निवासाला तेथे ‘लेण’ म्हटले आहे आणि पाण्याच्या टाक्याला ‘पोढि’. पहिला शब्द मराठीने ‘लेणे’ म्हणून दोन हजार वर्षे जपला. या दानलेखांतील देणग्यांचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने ‘पथ’ म्हणजे वाट करून दिली. अन्य काही दात्यांनी बसण्यासाठी आसने दिली. वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या भिक्षूला वस्त्रासाठी सोळा कार्षापण मिळावेत, अशी अक्षयनीवीची म्हणजे कायम ठेवीची व्यवस्था एका लेखात आहे. टाके, वाट आणि बैठक या तिन्ही वस्तू निवासी भिक्षूंच्या जितक्या उपयोगाच्या, तितक्याच चढून आलेल्या पांथस्थाच्याही उपयोगाच्या आहेत. लोहाराने दिलेल्या वाटेवरून कोण चालणार हे त्याने ठरविलेले नव्हते.

आगंतुकाने विहारात कसे यावे याचे नियम बौद्ध विनयात तपशीलवार सांगितलेले आहेत. पाली विनयाच्या चुल्लवग्गात ‘आगंतुकवत्त’ नावाचा भाग आहे. बाहेरून येणाऱ्या भिक्षूने आवाराजवळ येताच पायातील वहाणा काढाव्यात, त्या झटकून हाती घ्याव्यात, छत्री मिटावी, डोक्यावरील वस्त्र दूर करावे आणि घाई न करता आत शिरावे. निवासी भिक्षू कोठे जमतात ते पाहून तेथे जावे व योग्य आसनावर बसावे. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरण्याचे कोणते, हे विचारून घ्यावे. पाय धुताना एका हाताने पाणी ओतावे व दुसऱ्या हाताने पाय चोळावेत. राहण्याची जागा कोणती, ती रिकामी आहे की कोणी तेथे राहतो, याची चौकशी करावी. यालाच जोडून निवासी भिक्षूचे कर्तव्यही सांगितले आहे : येणाऱ्यासाठी आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन त्याचे पात्र व चीवर घ्यावे.

हे नियम भिक्षूंसाठी आहेत, प्रवाशांसाठी नव्हेत, हे खरे. कान्हेरीस ज्या निकायांची वसती होती त्यांचे विनयग्रंथ पाली विनयाहून भिन्न होते, हेही खरे. तथापि आगंतुकाचे आचारनियम अनेक निकायांच्या विनयांत आढळतात. त्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. आगंतुकाने तेथील व्यवस्था आपल्या सोयीने गृहीत धरू नये. ती विचारून घ्यावी. कोणते पाणी कशासाठी आहे हे ठाऊक नसणे हा दोष नव्हे. न विचारता त्यात हात घालणे हा दोष होय. कान्हेरीच्या लेण्यांपुढील अंगणे, त्यांच्या कडेची टाकी आणि ओसरीतील दगडी बाके पाहताना या नियमांतील बारकावे केवळ पुस्तकी राहत नाहीत.

३

या डोंगरावर दूरदेशाहून आलेल्यांची जुनी नोंद आहे ती श्रद्धावंतांची. चैत्यगृहासमोर असलेल्या एका स्तूपात सापडलेला ताम्रपट त्रैकूटकांच्या राज्यातील २४५ व्या वर्षाचा, म्हणजे इ. स. ४९४ च्या सुमाराचा आहे. सिंधु देशातील कनक गावाच्या बुद्धरुचि नावाच्या उपासकाने बुद्धाचा अग्रशिष्य शारद्वतीपुत्र, म्हणजेच सारिपुत्त, याच्या नावाने कृष्णगिरीच्या महाविहारात हा चैत्य उभारला. सिंधच्या गावकऱ्याने कोकणच्या डोंगरावर, मगधात होऊन गेलेल्या स्थविराचे स्मारक करावे, यात त्या काळच्या बौद्ध जगाचा विस्तार दिसतो.

त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी, इसवी सनाच्या ९ व्या शतकाच्या मध्यास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचा मांडलिक शिलाहार कपर्दी दुसरा यांच्या कारकीर्दीत गौड देशाहून, म्हणजे बंगालमधून, अविघ्नाकर नावाचा उपासक येथे आला. त्याने भिक्षूंच्या ध्यानासाठी कोठड्या करविल्या आणि वस्त्रांसाठी १०० द्रम्मांची कायम ठेव ठेवली. याच शतकातील, शिलाहार पुल्लशक्तीच्या काळातील एका लेखात पूजा, दुरुस्ती आणि चीवरे यांच्याबरोबरच पुस्तकांसाठीही द्रव्य राखून ठेवल्याची नोंद आहे.

बुद्धरुचि आणि अविघ्नाकर हे परस्थ होते, पण परके नव्हते. ज्या धर्माचे ते स्थान होते त्याच धर्माचे ते होते. त्यांनी मागे ठेवलेली वस्तू स्थानाच्या जीवनात सामावून गेली. सिंधच्या मनुष्याचा स्तूप कान्हेरीचाच स्तूप झाला आणि गौडाच्या ठेवीतून कान्हेरीचेच भिक्षू वस्त्रे घेऊ लागले. आदराची ही सर्वांत सोपी अवस्था आहे, कारण येथे येणाऱ्याच्या व राहणाऱ्याच्या श्रद्धेत अंतर नाही. खरा प्रश्न यापुढे उभा राहतो.

४

कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात (जुन्या गणनेनुसार क्रमांक ६६) तीन लेख असे आहेत की ज्यांची लिपी ब्राह्मी नाही, नागरी नाही आणि भाषा प्राकृत वा संस्कृत नाही. ते पहलवी आहेत. त्यांचे वाचन ई. डब्ल्यू. वेस्ट या पहलवीच्या जाणकाराने केले व ते १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही लेखांत यज्दगर्दी शकातील वर्ष, महिना व रोज दिलेला असल्यामुळे त्यांचा काळ दिवसापर्यंत निश्चित करता येतो. पहिला लेख यज्दगर्दी ३७८ च्या मेहेर महिन्यातील होरमज्द रोजाचा, म्हणजे १० ऑक्टोबर १००९ चा आहे. दुसरा त्याच वर्षाच्या आवान महिन्यातील मेहेर रोजाचा, म्हणजे २४ नोव्हेंबर १००९ चा. तिसरा यज्दगर्दी ३९० चा, म्हणजे ऑक्टोबर १०२१ चा.

लेखांचा आशय अत्यंत साधा आहे. आरंभी देवाचे नाव, मग तिथी, मग ‘या स्थळी आले’ अशा अर्थाचे विधान आणि त्यापुढे व्यक्तींची व त्यांच्या पित्यांची नावे. मिथ्र-अय्यारचे पुत्र याझ्दान-पनाक आणि माह-अय्यार अशा रीतीने ही यादी चालते. बापाचे नाव मुलाला आणि आजोबाचे नातवाला दिलेले आढळते, त्यावरून ही एकमेकांशी नात्याने बांधलेली कुटुंबे होती असे दिसते. पहिल्या लेखातील बरीच नावे दुसऱ्यात पुन्हा येतात. याचा अर्थ पंचेचाळीस दिवसांच्या अंतराने जवळजवळ तीच मंडळी पुन्हा डोंगर चढून आली. पावसाळा संपून ओढे अजून वाहते असतानाचा पहिला दिवस आणि हिवाळ्याच्या तोंडाचा दुसरा. बारा वर्षांनी तिसरा लेख कोरला गेला तेव्हाही त्यात याच कुळांतील नावे होती.

या काळातील कोकणचा किनारा परदेशीय वस्त्यांना सरावलेला होता. अल्-मसूदी हा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद त्याने केली आहे. त्याही पूर्वी, ८४९ मध्ये, केरळातील कोल्लमच्या ताम्रपटावर साक्षीदारांच्या सह्या पहलवी, कूफी अरबी व हिब्रू लिपीतील फारसी अशा तीन प्रकारे झालेल्या आहेत. झरथुष्ट्री व्यापारी व स्थलांतरित यांचा पश्चिम किनाऱ्याशी संबंध जुना होता. संजाण येथील वसाहतीची पारशी परंपरा ‘किस्से संजान’ या काव्यात सुमारे १६०० मध्ये ग्रथित झाली. परंतु तिच्याही जवळजवळ सहाशे वर्षे आधीचा, दगडावरचा व तिथीवार पुरावा कान्हेरीचे हे लेख देतात. ठाण्याचे शिलाहार राज्य त्या वेळी नांदते होते. या भेटींच्या दरम्यानच, १०१७ मध्ये, शिलाहार अरिकेसरीने दिलेला ठाण्याचा ताम्रपट प्रसिद्ध आहे.

या भेटींना आणखी एक संदर्भ आहे. १०१५ मध्ये नेपाळात लिहिलेली अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेची एक सचित्र पोथी आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तीत बौद्ध जगातील निरनिराळ्या पूज्य स्थानांची चित्रे असून प्रत्येकाखाली नाव लिहिलेले आहे. त्यांत कोकणातील कृष्णगिरीचे चैत्यही आहे. म्हणजे झरथुष्ट्री मंडळी ज्या वर्षांत कान्हेरीस येत होती, त्याच वर्षांत हिमालयाच्या कुशीत बसलेला चित्रकार या डोंगराला पवित्र स्थान म्हणून रंगवीत होता. ती मंडळी एखाद्या विस्मृत गुहेत शिरली नव्हती. नावलौकिक असलेल्या धर्मस्थानी ती आली होती.

या मंडळींनी काय केले आणि काय केले नाही, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी दान दिल्याचा उल्लेख नाही, बुद्धाला वंदन केल्याचा नाही, पुण्याची अपेक्षाही नाही. आपल्याहून वेगळ्या धर्माचे लोक म्हणूनच ते आले आणि तसेच गेले. लेखारंभी नाव घेतले ते आपल्याच देवाचे. उलटपक्षी, त्या लेण्यातील मूर्तींविषयी निंदेचा एक शब्द त्यांनी कोरला नाही. बुद्धाच्या, बोधिसत्त्वांच्या आकृती सोडून त्यांनी सपाट दगड निवडला. लेणे आपले केले नाही, त्याला नवे नाव दिले नाही. ‘आम्ही येथे आलो’ एवढेच म्हटले आणि दुसऱ्यांदा येऊन तेच पुन्हा म्हटले. श्रद्धा उसनी न घेता आदर ठेवता येतो, याचा याहून संयत पुरावा मिळणे कठीण आहे.

५

यानंतर कान्हेरीतील संघजीवन मावळले. १५३४ मध्ये वसईच्या तहाने साष्टी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात आले आणि लेण्यांना नव्या आगंतुकांशी गाठ घालावी लागली. हे आगंतुक सत्ताधारी होते. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियु द पोर्तु याच्या पुढाकाराने साष्टीतील काही लेण्यांचे प्रार्थनागृहांत रूपांतर झाले. कान्हेरीचे चैत्यगृह सेंट मायकेलच्या नावाने ख्रिस्ती उपासनेसाठी वापरले गेले. विनयाने सांगितलेली पहिली गोष्ट, म्हणजे ‘ही जागा रिकामी आहे काय?’ असे विचारण्याची, येथे घडली नाही. जागा रिकामीच आहे असे गृहीत धरले गेले. त्या वेळी तेथे बौद्ध भिक्षू उरले नव्हते हे मान्य केले, तरी शिल्पांचा व लेखांचा अर्थ संपलेला नव्हता. केवळ तो वाचणारा कोणी नव्हता.

तथापि याच पोर्तुगीज काळातील एका आगंतुकाने केलेली नोंद कान्हेरीच्या इतिहासात अपूर्व ठरली. दियोगु दु कोतु (१५४२–१६१६) हा गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख आणि पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील कारकीर्दीचा इतिहासकार. त्याच्या ‘देकादा’ ग्रंथमालेतील पाचवा खंड १६१२ मध्ये छापला गेला. सिंहलद्वीपातील बुद्धाविषयी लिहिताना त्याला साष्टीतील या लेण्यांची आठवण होते. तो सांगतो की ही लेणी पाहावयास गेलो असता तेथील एका वृद्धास, हे काम कोणी केले असे तुला वाटते, असे विचारले. वृद्धाने निःशंकपणे उत्तर दिले की संत जोसाफात याच्या पित्याने आपल्या पुत्राला जगापासून दूर वाढविण्यासाठी ही लेणी खोदविली. आणि हा जोसाफात म्हणजेच हिंदुस्थानातील लोक ज्याला ‘बुदाव’ म्हणतात तो ज्ञानी पुरुष असू शकेल, अशी शंका कोतु पुढे व्यक्त करतो.

या उत्तराचे महत्त्व समजण्यासाठी संत जोसाफाताची कथा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एका राजपुत्राविषयी भविष्य वर्तविले जाते की तो राज्य सोडून संन्यासी होईल. ते टाळण्यासाठी पिता त्याला सुखोपभोगांनी वेढलेल्या प्रासादात ठेवतो. बाहेर पडल्यावर त्याला रोग, वार्धक्य आणि मृत्यू यांचे दर्शन होते. मग बार्लाम नावाच्या तपस्व्याच्या उपदेशाने तो ख्रिस्ती होऊन राज्यत्याग करतो. मध्ययुगीन युरोपात ही कथा अत्यंत लोकप्रिय होती आणि रोमन संतमालिकेत बार्लाम व जोसाफात यांचा स्मरणदिन २७ नोव्हेंबर हा होता. कथा अर्थातच सिद्धार्थाची आहे. ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे मध्य आशियात व अरबीत ‘बूदासफ’, ‘यूदासफ’ असे रूप झाले, जॉर्जियन व ग्रीक भाषांतून जाताना ते बदलत गेले आणि शेवटी लॅटिनमध्ये ‘जोसाफात’ झाले. पाश्चात्त्य विद्वानांनी १८५९–६० च्या सुमारास हे अभिन्नत्व सप्रमाण दाखविले. कोतुच्या मनात ते त्याच्या अडीचशे वर्षे आधी, कान्हेरीच्या संदर्भात येऊन गेले होते.

त्या साष्टीकर वृद्धाला जोसाफाताचे नाव कोठून कळले, याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. पाद्र्यांच्या प्रवचनांतून संतचरित्रे साष्टीत पोहोचली होती. पण राजपुत्र, त्याचा पिता आणि डोंगरातील हे निर्जन वैभव यांची सांगड त्याने घातली, ही गोष्ट लहान नव्हे. लेण्यांच्या भिंतींवर बुद्ध शेकडो वेळा कोरलेला होता. त्याचे नाव मात्र विसरले गेले होते. ते परत आले ते एका ख्रिस्ती संताच्या वेषात, एका ख्रिस्ती इतिहासकाराने विचारलेल्या प्रश्नामुळे. ज्या सत्तेने चैत्यगृहाचे नाव बदलले, तिच्याच एका सेवकाने ‘हे कोणाचे?’ असे विचारले, एवढ्यापुरता तो आगंतुकवत्ताच्या जवळ आला.

६

यापुढची मालिका जिज्ञासूंची आहे. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने १६७५ मध्ये कान्हेरी पाहिली आणि ‘खडकात खोदलेले नगर’ अशा अर्थाचे तिचे वर्णन केले. आंकेतील-द्युपेराँ हा फ्रेंच पंडित १७६० मध्ये येथे आला. सुरतेच्या पारशी दस्तुरांकडून त्याने अवेस्ता व पहलवीचे शिक्षण घेतले होते आणि १७७१ मध्ये त्याचे अवेस्ताचे भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात कान्हेरीचे वर्णन आहे. हेन्री सॉल्टने १८०६ मध्ये साष्टीच्या लेण्यांची पाहणी केली व त्याचा निबंध १८१९ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या खंडात छापला गेला. या सर्वांनी लेणी पाहिली, मोजली, रेखाटली. पण लेख वाचता येत नसल्याने ती कोणाची याविषयी तर्कच चालत राहिले. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मीचा उलगडा पूर्ण केल्यानंतरच दगडांना वाचा फुटली.

ज्ञानाच्या या वाटचालीतही एक व्यथा आहे. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड याने चैत्यगृहासमोरील स्तूप उघडला. आत तांब्याची दोन पात्रे, रक्षा, माणिक, मोती, सोन्याचे तुकडे आणि ताम्रपट मिळाला. बुद्धरुचीचे नाव, सिंधु देशातील त्याचे गाव आणि त्रैकूटकांचा काळ आपल्याला कळतो तो या कृतीमुळे. परंतु सुमारे साडेतेराशे वर्षे मिटून राहिलेला तो स्तूप त्याच कृतीने संपला. ज्या मनुष्याविषयी माहिती मिळाली त्याचे पुण्यकर्म मोडूनच ती मिळाली. त्या काळी उत्खननाचे शास्त्र बाल्यावस्थेत होते, हे ध्यानात घेऊन बर्डला दोष देण्याचे कारण नाही. तथापि जिज्ञासा आणि आदर या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे या प्रसंगाने स्पष्ट होते.

पुढील पिढ्यांनी हे अंतर कमी केले. वेस्टने लेखांचे ठसे व प्रती दिल्या. भगवानलाल इंद्रजी, बर्जेस, ब्यूलर यांनी वाचने सुधारली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. शोभना गोखले यांनी १९७० नंतरच्या दशकात कान्हेरीतील दिवंगत स्थविरांच्या विटांच्या स्मारकस्तूपांचे व त्यांवरील लेखांचे महत्त्व उघड केले आणि १९९१ मध्ये कान्हेरीच्या लेखांचा समग्र ग्रंथ सिद्ध केला. या कामात स्तूप फोडावे लागले नाहीत. पडलेल्या अवशेषांतील अक्षरे गोळा करावी लागली. ज्या भिक्षूंनी आपले नाव मागे ठेवण्याची खटपट केली नव्हती, त्यांची नावे त्यांच्या सहवासी संघाने कोरून ठेवली होती, हे त्यातून प्रकाशात आले.

७

या सर्व पुराव्यातून एक अडचणीचा प्रश्न उरतो, आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. पहलवी लेख हे अखेर भिंतीवर कोरलेली नावेच आहेत. प्राचीन वास्तूच्या भिंतीवर आपले नाव कोरणे हा भारतात आज गुन्हा आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात संरक्षित स्मारकाला इजा पोहोचविण्यास शिक्षा सांगितली असून २०१० च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी वाढविण्यात आली. १००९ सालच्या मंडळींची अक्षरे आज त्याच कायद्याने संरक्षित आहेत. त्यांच्या शेजारी त्यांचे अनुकरण करणारा मात्र अपराधी ठरेल. मग एकाचे कृत्य इतिहास आणि दुसऱ्याचे विद्रूपण, हा भेद केवळ काळाच्या अंतराने पडतो काय?

काळाचे अंतर हे उत्तराचा एक भाग आहे, पण सर्व उत्तर नव्हे. ज्या समाजात लेण्याचा प्रत्येक दाता आपले नाव दगडावर ठेवीत होता, त्या समाजात लेख कोरणे ही स्थळाशी संबंध सांगण्याची रूढ रीत होती. झरथुष्ट्री मंडळींनी ती रीत उचलली आणि आपल्या लिपीत चालविली. ते यजमानाच्या भाषेत बोलले नाहीत. यजमानाच्या पद्धतीने मात्र बोलले. आज त्या स्थळाची रीत बदललेली आहे. दगड आता नवे लेख स्वीकारणारा राहिलेला नाही, जुने लेख सांभाळणारा झाला आहे. तेव्हा जो आदर १००९ मध्ये कोरण्यातून व्यक्त होऊ शकत होता, तोच आज न कोरण्यातून व्यक्त होतो. नियम बदलला, त्यामागील तत्त्व, म्हणजे स्थळाची व्यवस्था विचारून घेऊन तीनुसार वागणे, हे बदललेले नाही.

या विचाराला आज अधिक निकड आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून महाराष्ट्रातील लेणी लक्षावधी मराठी कुटुंबांना पुन्हा आपल्या श्रद्धेची स्थाने झाली आहेत. कान्हेरीच्या चैत्यगृहात स्तूपासमोर हात जोडणारा मनुष्य आज केवळ इतिहासाच्या पुस्तकात नाही. त्याच डोंगरावर सहलीस आलेली शाळकरी मुले असतात, पावसाळ्यात धबधबे पाहण्यास येणारे नगरवासी असतात, अभ्यासक असतात. ज्याच्या दृष्टीने ते पूजास्थान आहे आणि ज्याच्या दृष्टीने ते प्रेक्षणीय स्थळ आहे, असे दोघे एकाच वेळी एकाच ओसरीत उभे राहतात. जागा रिकामी आहे असे गृहीत धरण्याची चूक सोळाव्या शतकात काहीशी क्षम्य होती. आज तिला तेवढाही आधार नाही.

८

कान्हेरीच्या आगंतुकांविषयीचे हे विवेचन पुढीलप्रमाणे आवरता येईल. सिंधच्या बुद्धरुचीने आणि गौडाच्या अविघ्नाकराने आपली श्रद्धा स्थळाच्या श्रद्धेत मिळविली. झरथुष्ट्री मंडळींनी आपली श्रद्धा आपल्यापाशी ठेवून स्थळाचा मान ठेवला. पोर्तुगीज सत्तेने स्थळाला आपल्या श्रद्धेचे नाव दिले. कोतुने मात्र त्या नावामागे दुसरे नाव असावे अशी शंका घेतली. युरोपीय संशोधकांनी ज्ञानासाठी स्थळ उघडले, आणि त्याची किंमत एका स्तूपाने दिली. नंतरच्या अभ्यासकांनी न मोडता वाचण्याची कला साधली.

यांपैकी झरथुष्ट्री मंडळींची भेट सर्वांत अल्प आणि सर्वांत बोधप्रद आहे. ज्या देशात ते आश्रयास वा व्यापारास आले, त्या देशातील तिसऱ्याच एका धर्माचे स्थान पाहावे असे त्यांना वाटले. एकदा पाहून समाधान झाले नाही म्हणून पंचेचाळीस दिवसांनी ते परत आले. बारा वर्षांनी त्यांच्यातील काही आणि त्यांच्या कुळांतील इतर पुन्हा आले. त्यांनी मागे ठेवलेल्या मजकुरात तिथी आहे, बापलेकांची नावे आहेत आणि ‘आलो’ हे एक क्रियापद आहे. कल्याणच्या नंद लोहाराने बांधून दिलेली वाट तोवर आठशे वर्षांची झाली होती. ज्यांच्यासाठी ती नक्की बांधलेली नव्हती, तेही तिच्या दात्याला न लाजविता डोंगर चढून आले, असे म्हणावयास ९० क्रमांकाच्या लेण्यातील ही अक्षरे पुरेशी आहेत.